वाड्यासमोरचा ट्रॅक्टर

साहित्यातल्या यंत्रांचं कूळ शोधायला निघालं की पहिलं नाव येतं कारेल चापेकचं. या झेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर.यू.आर.’ नाटकानं जगाला रोबो दिला आणि त्याच नाटकात तो माणसावर उलटला. मराठीत हे कूळ जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) या कादंबरीपर्यंत येतं. तिथला यंत्रमानवही हुशार, म्हणूनच धोक्याचा.

त्याच सुमारास नागपूरच्या एका लेखकानं वेगळंच यंत्र उभं केलं. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी १९८५मध्ये रंगभूमीवर आणलं. त्यात धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यासमोर एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तो बंड करत नाही, नांगरटही करत नाही. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो, तेवढाच त्याचा घराशी संबंध. आणि घरात? कष्टाची सगळी कामं धाकट्या चंदूच्या अंगावर. यंत्र बसून आहे आणि माणूस यंत्रासारखा राबतो आहे! यंत्रयुगाचं इतकं खरं चित्र मला रोबोंच्या कथांत सापडलेलं नाही.

या ट्रॅक्टरचं मूळ विदर्भाच्या सातबाऱ्यात आहे. १९५८मध्ये विदर्भासाठी कुळकायदा आला, १९६१मध्ये जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा सीलिंग कायदा. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी सुटू लागल्या. नेमक्या त्याच काळात, १९५९मध्ये, फरीदाबादच्या कारखान्यातून आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३मध्ये महिंद्रानंही या धंद्यात पाऊल टाकलं. म्हणजे जमीन हातची जायला आणि यंत्र दारात यायला एकच गाठ पडली. ट्रॅक्टर पोसायचा तर डिझेल हवं, सुटे भाग हवेत, मिस्त्री हवा; मुख्य म्हणजे स्वतः बांधावर उभा राहणारा मालक हवा. देशमुखी-देशपांडेपणाच्या ऐटीत वाढलेल्या घराला हे शेवटचंच जमत नव्हतं. एलकुंचवार स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. पुढे नागपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं. हे जग त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

आज नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. ते जोडणारा कामगार आणि हप्त्यावर ते घेणारा कापूसवाला शेतकरी या दोघांना एकाच नाटकात आणणारा लेखक विदर्भानं द्यावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.