लघवी खोटं बोलत नाही

शीर्षक वाचून नाक मुरडू नका, विषय हृदयाचा आहे :)

"मीठ किती खाता?" असं कुणालाही विचारा. "छे, वरून अजिबात घेत नाही!" हेच उत्तर मिळेल. लोणचं, पापड, फरसाण कुणाच्याच हिशोबात नसतं. आपण सॉफ्टवेअरवाले युजरच्या सांगण्यावर विसंबत नाही, लॉग बघतो. मिठाचा लॉग म्हणजे लघवी, कारण खाल्लेलं बहुतेक मीठ तिथूनच बाहेर पडतं.

रक्तदाबाचं कोडं सोडवायला हा लॉग वाचला तो पॅरिसच्या आंबार आणि बोझार यांनी, १९०४ साली. सोडियम मोजणं तेव्हा भलतंच किचकट होतं. पण मिठात क्लोराइडही असतं, आणि ते मोजणं त्या मानाने सोपं. मग पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, याची सरळ वजाबाकी! क्लोराइड अंगात साठलं की दाब चढायचा. (मीठ राहिलं की पाणीही राहतं आणि वाढलेलं रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं.) पण पेशंट होते फक्त सहा, त्यामुळे वाद काही मिटला नाही.

मग येतो वॉल्टर केम्पनर. हिटलरच्या जर्मनीतून निघून १९३४ मध्ये अमेरिकेत, ड्यूक विद्यापीठात आलेला डॉक्टर. अतिरक्तदाबावर तेव्हा धड औषधच नव्हतं. त्याने पेशंटना भात, फळं आणि साखर एवढंच द्यायला सुरुवात केली. दिवसाला सोडियम जेमतेम १५० मिलिग्रॅम! आज जागतिक आरोग्य संघटना २००० च्या खाली राहा म्हणते, म्हणजे बघा.

१९४२ मध्ये त्याने ३३ वर्षांच्या एका शेतकरी बाईला दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. त्याच्या जर्मन उच्चारांमुळे तिला ऐकू आलं दोन महिने! बिचारी दोन महिने भातावर राहिली. परत आली तेव्हा १९०/१२० चा दाब १२४/८४ वर आला होता आणि वाढलेलं हृदय लहान झालं होतं. ती ठरल्या दिवशी आली असती तर?

पण असलं अळणी जेवण किती दिवस जाणार? लोक चोरून खायचेच. केम्पनर वाद घालत बसायचा नाही, लघवीतलं क्लोराइड तपासायचा. चोरी लगेच उघडी!

१९५८ मध्ये क्लोरोथायाझाइडची गोळी आली. ती मीठ आणि पाणी लघवीवाटेच बाहेर काढते. मग भात कोण खातंय!

१९८८ च्या इंटरसॉल्ट पाहणीत ३२ देशांतल्या १०,०७९ लोकांची चोवीस तासांची लघवी मोजली गेली. ब्राझीलच्या यानोमामी आदिवासींमध्ये सोडियम जवळजवळ शून्य, आणि वयाबरोबर दाब वाढण्याची भानगडही नाही. तरी मीठ नक्की किती घातक यावर भांडण चालूच राहिलं. कारण चोवीस तासांची बाटली त्या एकाच दिवसाचं खरं सांगते.. आणि बाटली घेऊन फिरायचंय म्हटल्यावर त्या दिवशी फरसाण खातंय कोण?