तीन दिवसांचे पुरळ

मुलाच्या अंगावर लाल पुरळ दिसले की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो ‘गोवर’. कांजिण्यांचे पाण्याचे फोड चटकन ओळखू येतात. बाकीचे बहुतेक पुरळ गोवराच्या खात्यात जमा होते. ही सरमिसळ सोडवायला वैद्यकशास्त्राला कित्येक शतके लागली.

या इतिहासात अबू बक्र मुहंमद इब्न झकरिया अल-राझी यांचे नाव अग्रभागी आहे. तेहरानजवळच्या रय शहरात नवव्या शतकात जन्मलेल्या या हकीमाने देवी आणि गोवर यांवर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. देवीत पाठदुखी जास्त, तर गोवरात मळमळ व बेचैनी जास्त, असे त्यांचे निरीक्षण होते. विषाणूची कल्पनाही नसलेल्या काळात त्यांनी रुग्णाकडे बारकाईने पाहून हे टिपले.

पण गोवरासारखाच दिसणारा एक सौम्य आजार त्यानंतरही बराच काळ गोवरातच मोजला गेला. अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून तो ‘जर्मन गोवर’ झाला. पुढे हेन्री वील या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने भारतातल्या एका साथीची हकीकत लिहिली आणि १८६६ मध्ये त्याला ‘रुबेला’ हे सुटसुटीत नाव दिले.

गोवरात ताप चढतो, खोकला येतो, डोळे लाल होतात. रुबेलात ताप हलका असतो. फिकट गुलाबी पुरळ चेहऱ्यावरून खाली उतरते आणि साधारण तीन दिवसांत मावळते. कानामागे व मानेच्या मागच्या बाजूला गाठी सुजतात. मूल खेळत राहते आणि घरचे विसरून जातात.

हे विसरणे किती महाग पडते, ते १९४१ साली सिडनीत कळले. नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे येत होती. अशा ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाल्याचे आढळले. पुढे बहिरेपण आणि हृदयदोषही याच कारणाशी जोडले गेले. लस १९६९ मध्ये आली.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हा मोबाइलवर अफवा फिरल्या. ही लस मुस्लिम मुलांना पुढे मूल होऊ नये म्हणून आहे, असे त्यांत सांगितले जात होते. मला यातला उलटा न्याय आजही अस्वस्थ करतो. जी लस जन्माला येणाऱ्या पिढीचे डोळे, कान आणि काळीज वाचवते, तिच्यावरच वंश बुडवण्याचा आळ! अल-राझींचा अभिमान आपण मिरवतो. मग त्यांची पारखून पाहण्याची सवय अफवेपुढे का सोडावी?

नुसत्या नजरेने रुबेलाची खात्री होत नाही, त्यासाठी रक्ततपासणी लागते. म्हणून असे पुरळ दिसले तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे आणि आठवडाभर शाळेत पाठवू नये. घरात, शेजारात कोणी गरोदर असेल तर मुलाला तिच्यापासून दूर ठेवावे. ती आधीच संपर्कात आली असेल तर तिने लगेच डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणात ही लस देत नाहीत. म्हणून बाळांना नऊ महिन्यांनंतरचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा असे दोन्ही डोस वेळेवर द्यायचे. मुलाचा आजार तीन दिवसांत जाईल, पण पोटातल्या बाळाला त्याची झळ जन्मभर सोसावी लागेल.