नाळेतलं रक्त आणि खापरचे पाडे
अक्कलकुवा तालुक्यातल्या खापर भागात मी परिचारिका होते. भिल्ल, पावरा पाड्यांवरच्या आया सांगायच्या, "सिस्टर, पोराची हाडं दुखतात, डोळे पिवळे दिसतात." सोल्युबिलिटी टेस्टची नळी गढूळ झाली की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा संशय; मूल वाहक की रुग्ण, हे मग इलेक्ट्रोफोरेसिस सांगायचं.

हा आजार 1910 मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी नोंदवला. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. अशा रक्ताच्या आजारांवर उपाय म्हणून नाळेतल्या रक्ताकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं. वार पुरून टाकायची, हीच रीत. 1988 मध्ये पॅरिसला डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. त्यातल्या मूलपेशी रुजल्या, नवं रक्त बनू लागलं. पुढे ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सिकलसेलमध्येही हा उपाय झाला.

"बाळाची नाळ त्याच्यासाठीच बँकेत ठेवू का?" असं कुणी विचारलं, तर मी नाही म्हणायचे. सिकलसेलच्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो. लागते ती निरोगी सख्ख्या भावंडाची, आणि भावंडांचे एचएलए, म्हणजे ऊतींचे प्रकार, जुळण्याची शक्यता चारात एक.

म्हणून इथे भिस्त हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणि लग्नाआधीच्या तपासणीवर. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराचा धोका 25 टक्के. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचं खरं काम पाड्यावरच्या तपासणीत आहे.