मोसमी पाऊस आणि तापमानवाढ

पृथ्वीच्या वाढत्या तापमानामुळे भारतातील नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या प्रमाणात, वाटपात व वेळापत्रकात होत असलेले आणि संभाव्य बदल. जून ते सप्टेंबर या काळात देशाला वर्षाच्या पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस मिळतो; 1971–2020 ची हंगामी सरासरी सुमारे 87 सेंमी. आहे.

कार्यकारणभाव : तापमानवाढीचे दोन परिणाम परस्परविरोधी आहेत. हवा 1° से.ने तापली, की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा जोराने कोसळतो. दुसरीकडे, मोसमी वाऱ्यांना चालना मिळते ती जमीन समुद्रापेक्षा अधिक तापल्याने. उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठतापमान 1951–2015 मध्ये सुमारे 1° से.ने वाढले. त्यातच धूर व प्रदूषणाचे सूक्ष्म कण ऊन अडवून जमीन कमी तापू देतात. परिणामी जमीन-समुद्र तापमानातील तफावत घटते व वारे मंदावतात.

आढळलेले बदल : केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1951–2015 मध्ये हंगामी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, गंगेचे मैदान व पश्चिम घाट येथे ही घट ठळक आहे. मध्य भारतात मात्र दिवसाला 150 मिमी.पेक्षा अधिक पावसाच्या घटना 1950–2015 मध्ये सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. पावसातील खंडही वाढले. अतिवृष्टी किती स्थानिक असू शकते, हे 26 जुलै 2005 रोजी मुंबईत दिसले : सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी., तर कुलाब्याला सुमारे 74 मिमी. पाऊस नोंदला गेला. अशी एखादी घटना केवळ तापमानवाढीच्या माथी मारता येत नाही. कल ठरतो तो अनेक दशकांच्या नोंदींवरून. भारतीय हवामानशास्त्र विभागाने 2020 मध्ये सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली.

भवितव्य व परिणाम : हवामानाच्या संगणकीय प्रतिकृतींनुसार एकविसाव्या शतकात हंगामी पाऊस वाढेल, पण वर्षावर्षांतील चढउतारही वाढतील. हंगामाने सरासरी गाठली, तरी पेरणीनंतर लांबलेली उघडीप कोरडवाहू सोयाबीन-कापसावर दुबार पेरणीची वेळ आणते. धरणांपुढेही पेच आहे : पुरासाठी जागा राखावी, तर पुढे पाऊस दडी मारण्याची भीती, लवकर भरावीत, तर अतिवृष्टीत विसर्ग वाढवून नदीकाठ बुडण्याचा धोका.