सुई मागे हटली, आकडा हरवला

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्याच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो. जाग्या माणसात हा हिशेब प्रथम नीट मांडला तो फिलाडेल्फियाच्या सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी, १९४० च्या दशकात. माणसाला दहा मिनिटे १५ टक्के नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचे आणि त्या वेळात दोन ठिकाणचे रक्त काढत राहायचे: एक हातापायाच्या धमनीतून, दुसरे थेट कवटीच्या तळाशी, जिथे मेंदूतले रक्त मानेच्या शिरेत उतरते तिथून. तत्त्व अ‍ॅडॉल्फ फिकने १८७० मध्येच सांगितले होते. प्राणवायू आत गेला किती, बाहेर आला किती, यांची वजाबाकी करा आणि रक्तप्रवाहाने गुणा; इथे तो प्रवाह नायट्रस ऑक्साइडवरून काढला. उत्तर मिळाले ते असे: १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त वाहते आणि त्यातला ३.३ मिलिलिटर प्राणवायू खर्च होतो. सुई नकोशी होती, पण आकडा निःसंदिग्ध होता. उणीव एवढीच की तो अख्ख्या मेंदूचा होता. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि केटी यांनी माणसांना मनातल्या मनात गणिते करायला लावली, तेव्हा एकूण खर्चात फरकच दिसला नाही.

यापुढचा इतिहास सहसा सुई मागे हटत गेल्याची आनंदकथा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो सौद्यांचा इतिहास आहे: दर वेळी एक सुई गेली आणि तिच्याबरोबर आकड्याचा थोडा भरवसाही गेला. सोकोलॉफच्या डिऑक्सिग्लुकोज पद्धतीवरून एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेली किरणोत्सारी साखर, आले. ऑगस्ट १९७६ मध्ये ब्रूकहेवनला तयार केलेले औषध विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन माणसाला टोचले गेले. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे, त्यामुळे घाई करणे भागच होते. मानेतली सुई गेली, मेंदूच्या कोणत्या भागात किती साखर खपते याचा नकाशा मिळाला. मात्र नकाशाला आकडे द्यायचे तर धमनीचे नमुने पुन्हा लागतच. ते टाळायला हात गरम करून शिरेतलेच रक्त धमनीसारखे बनवण्याची युक्ती निघाली. रुग्णालयांनी याहून सोपा मार्ग धरला: आकडा सोडला, चित्र ठेवले. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातले पहिले पेट यंत्र (किरणोत्सार टिपून असे चित्र काढणारे) सुरू झाले तोवर जगभर हीच रीत रुळली होती.

एमआरआयने उरलेली सुई आणि किरणोत्सारही घालवला. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले की रक्तातला प्राणवायू कमीजास्त झाला की चुंबकीय संकेतही बदलतो. पण हा संकेत चयापचय मोजत नाही. पीटर फॉक्स आणि मार्कस रायकल यांनी १९८८ पर्यंत दाखवून दिले होते की मेंदूचा एखादा भाग चेतवला की तिथला रक्तप्रवाह पन्नासेक टक्के वाढतो, प्राणवायूचा खप मात्र जेमतेम पाच. संकेत उमटतो तो या तफावतीतून. वर्तमानपत्रांत एमआरआय चित्रांतल्या रंगीत ठिपक्यांना ‘मेंदूची ऊर्जा’ म्हणतात, ते म्हणूनच चूक.

कोणी म्हणेल, डॉक्टरला आकडा हवाच कशाला? डाव्या-उजव्या बाजूची तुलना पुरे की. अपस्माराचे केंद्र शोधताना ती बहुधा पुरतेही. पण आजार सगळ्या मेंदूभर पसरलेला असेल तर तुलनेला निरोगी बाजू उरतच नाही. शिवाय धमनीत सुई घालायची म्हटले की निरोगी माणसे आणि मुले अभ्यासाला फारशी मिळत नाहीत, मग ‘सामान्य’ कशाला म्हणायचे हेच मोजक्या लोकांवरून ठरते. म्हणून २००८ नंतरचे वळण मला महत्त्वाचे वाटते. हानझांग लू आणि युलिन गे यांच्या ‘ट्रस्ट’ पद्धतीत मेंदूच्या माथ्यावरच्या मोठ्या शिरेतला प्राणवायू एमआरआयने मोजतात, मानेतल्या धमन्यांतला प्रवाहही त्याच यंत्राने, आणि धमनीतला प्राणवायू बोटाच्या चिमट्याने. म्हणजे फिकचीच वजाबाकी, फक्त सुईविना. आक्षेप इथेही आहे: सिकलसेलच्या रुग्णांत रक्ताचा गुणधर्मच बदललेला असल्याने संकेतावरून प्राणवायू काढण्याचे, निरोगी रक्तावरून बेतलेले सूत्र चुकू शकते. आणि केटीच्या आकड्याप्रमाणे हाही अख्ख्या मेंदूचा एकच आकडा आहे. येल विद्यापीठात २०१८ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत ड्युटेरियमयुक्त ग्लुकोज नुसते प्यायला देतात आणि साखरेचे पुढे काय होते तेही पाहतात. ती अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. प्राणवायूचा खप भागाभागाने मोजण्याचा मानदंड मात्र आजही ऑक्सिजन-१५ चे पेटच, आणि त्यासाठी धमनीत सुई लागते.