भुजच्या गल्ल्या आणि दोन भूकंप

कच्छच्या जाडेजा राजांची राजधानी असलेल्या भुजने दोनशे वर्षांच्या आत दोन मोठे भूकंप सोसले. पहिला १६ जून १८१९ रोजी झाला. त्याची हकिगत तिथला ब्रिटिश रेसिडेंट कॅप्टन मॅकमर्डो याने लिहिली आणि ती मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापली. रणात जमीन उचलली जाऊन ‘अल्लाहबंद’ तयार झाला, सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. भूगर्भशास्त्राने त्या बांधाची चर्चा अधिक केली. भुजमध्ये हजाराहून अधिक माणसे गाडली गेली, हे त्यामानाने मागे पडले. घरे पुन्हा उभी राहिली, पण तटाच्या आतल्या अरुंद गल्ल्या तशाच राहिल्या.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी या गल्ल्यांनी घात केला. जीव वाचवायला घराबाहेर धावलेली माणसे समोरच्या घराच्या भिंतीखाली सापडली. ढिगाऱ्यांनी वाटा बुजल्या, मदत पोहोचेना. जवळच्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुले अशाच गल्लीत दगावली. गुजरातभरात सुमारे १३,८०० माणसे मेली.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भुजमध्ये चार नव्या वसाहती झाल्या, तरी जुने शहर मूळ जागीच उभारायचे ठरले. मग रस्त्यांसाठी जमीन कुठून आणायची? सरसकट भूसंपादनाऐवजी नगररचना योजनांचा मार्ग निवडला गेला. प्रत्येक मालकाच्या भूखंडातून थोडी जमीन कापून घ्यायची, उरलेला भूखंड नव्याने आखून त्याला परत द्यायचा. अगदी लहान भूखंडांना कात्री लावली नाही, सर्वांत मोठ्यांतून सुमारे एक तृतीयांश जमीन घेतली. आराखडा होईपर्यंत तटाच्या आत बांधकामाला परवानगी नव्हती. व्यापारी चिडले, हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. पण शेवटी रस्ते रुंद झाले. म्हणजे आज भुजमध्ये अग्निशामक बंब ज्या रस्त्याने आत जातो, तो शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणातून दिलेला आहे. भूकंपानंतरच्या नगररचनेत इतका न्याय्य हिशेब क्वचितच दिसतो.

तरी या हिशेबात एक रकाना कोराच राहिला. योजनेचा सारा व्यवहार मालकीच्या कागदावर चालला. जुन्या भुजमध्ये पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी कुटुंबे होती. त्यांच्याकडे कापून द्यायला जमीन नव्हती, म्हणून परत मागायलाही काही नव्हते. घर पडले तशी भाडेकरूची शहरातली जागाही गेली. अनेकांना शहराच्या कडेला जावे लागले.

२०२२ मध्ये भुजिया डोंगरावर ‘स्मृतिवन’ खुले झाले. तिथे मृतांची नावे कोरलेली आहेत. जिवंत राहूनही ज्यांची गल्ली सुटली, त्यांची नावे मात्र नव्या आराखड्यातही नाहीत आणि त्या डोंगरावरही नाहीत. भुजच्या पुनर्वसनाचे कौतुक करताना हा कोरा रकाना वगळता येत नाही.