वाचकाची यादी कुणाच्या मालकीची?

आरएसएस म्हटले की आपल्याकडे एकच संघटना डोळ्यांसमोर येते. इथे विषय वेगळा आहे. 'रिअली सिंपल सिंडिकेशन' या तंत्राचे लघुनावही आरएसएसच आहे. बातम्यांची संकेतस्थळे आपल्या नव्या लेखांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवतात. तिला फीड म्हणतात. फीड रीडर हा प्रोग्राम अशा अनेक फाइली ठरावीक वेळाने तपासतो आणि जे नवे असेल ते एका जागी दाखवतो. काय वाचायचे हे वाचक ठरवतो. गोष्ट एवढीशी, पण तिच्या इतिहासात मालकीचा मोठा प्रश्न दडलेला आहे.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या पोर्टलसाठी हे तंत्र आणले. रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांचा त्यात मुख्य वाटा होता. नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली आणि २००१ मध्ये तिने आपल्या पोर्टलवरून ही सोय काढून टाकली. तरीही तंत्र मेले नाही, कारण त्याचे नियम सर्वांसाठी खुले होते. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने १.० आवृत्ती काढली. त्या गटात आरन स्वार्ट्झ हा चौदा वर्षांचा मुलगाही होता. डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये २.० आवृत्ती आणली. पॉडकास्ट उभे राहिले ते याच पायावर.

पण फीड वाचण्याचे साधन कुणाचे? २००५ मध्ये गुगल रीडर आले. फुकट आणि सोयीचे असल्याने लोक तिकडे वळले. मार्च २०१३ मध्ये गुगलने, वापर घटल्याचे कारण देत, ते बंद करण्याची घोषणा केली. एक लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या. १ जुलै २०१३ ला रीडर बंद झालेच. वापरणारे लाखो होते, पण निर्णयात त्यांना मत नव्हते.

इथेच मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व कळते. टायनी टायनी आरएसएस २००५ पासूनचे, फ्रेशआरएसएस २०१२ चे. दोन्ही आपल्या सर्व्हरवर बसवता येतात. फ्रेशआरएसएसचा परवाना तर असा आहे की, त्यात बदल करून कुणी सेवा चालवली, तर बदललेला कोडही वापरकर्त्यांना द्यावा लागतो. नेटन्यूजवायर २००२ मध्ये आले, दोनदा विकले गेले, २०१८ मध्ये मूळ निर्माते ब्रेंट सिमन्स यांच्याकडे परतले आणि पुढे मुक्त परवान्याखाली आले. आता त्याचा कोड कुणीही घेऊन पुढे चालवू शकतो.

कुणी म्हणेल, सोशल मीडियावर बातम्या मिळतातच की! मिळतात; पण कोणती वर यायची आणि कोणती गाडली जायची हे कंपनीचे गणित ठरवते आणि ते गणित आपल्याला दिसत नाही. फीड रीडरमध्ये लहान प्रकाशनाची बातमी मोठ्या वृत्तपत्राच्या बातमीशेजारी, आपल्या वेळेनुसार उभी राहते.

याचा अर्थ मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे सगळे प्रश्न सुटले असा नाही. सर्व्हरला पैसे लागतात, देखभालीला माणसे लागतात आणि प्रकाशनांनीच फीड बंद केले तर रीडर रिकामा राहतो. म्हणून दोन गोष्टी केल्या पाहिजेत. लिहिणाऱ्यांनी आपले फीड चालू ठेवावे. वाचणाऱ्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून स्वतःजवळ ठेवावी. ती जवळपास प्रत्येक रीडर स्वीकारतो. दुकान कुणाचेही बंद होवो, यादी आपल्या हातात राहिली पाहिजे.